चौऱ्याऐंशी समाधानी माणसं

बकुळा माळवदेला समुद्र आवडत नव्हता. हे ती कुणाजवळ बोलत नसे, कारण तिच्या पीएचडीचा विषयच समुद्रकाठचा होता. समुद्रकाठच्या रिसॉर्टांचं व्यवस्थापन आणि तिथे जाऊन आलेल्या माळव्यातल्या पर्यटकांचं समाधान, असं त्या प्रबंधाचं लांबलचक नाव. बकुळा धारची. धारहून कोकणचा किनारा गाठायचा तर बसनं एक दिवस आणि वर एक रात्र जाते.

विषय तिनं निवडला नव्हता. नोंदणीच्या वेळी तिच्या पहिल्या मार्गदर्शकांनी यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं, "यह खाली है, ले लीजिए," म्हणाले, आणि तिनं घेतला. आयुष्यात बहुतेक गोष्टी तिला अशाच मिळाल्या होत्या, कुणी न घेतलेल्या, म्हणून उरलेल्या. वडील शाळेचे गणवेश शिवत. त्यांच्या आज्यानं म्हणे दरबारचे अंगरखे शिवले होते. बकुळा एम. कॉम. झाली तेव्हा घराण्यात एवढं शिकलेलं कुणी नव्हतं. लग्न राहून गेलं. वडील गेले, आणि घरात ती आणि तिची आई, माई, अशा दोघीच उरल्या.

बदनावरच्या बाजूला एका सरकारी कॉलेजात ती वाणिज्य शिकवी. सकाळची बस धरून जाई, दुपारच्या बसनं परत येई. पदाचं नाव 'अतिथी विद्वान'. नाव भारदस्त, पण पाहुण्याला पाटावरून केव्हाही उठवता येतं तसंच याचं. बकुळा एकोणीस वर्षं पाहुणी होती. स्टाफरूममधला धीरज गेहलोत तिला रोज छेडायचा, "मॅडम, अपनी घोडा चौपाटी पे लहरें कब आ रही हैं?" धारमध्ये चौपाटी म्हणजे चार रस्ते मिळतात ती जागा. तिथे टेम्पो असतात, रिक्षा असतात, वाळू नसते. सगळे हसत. बकुळाही हसे.

पण ती पीएचडी तिच्या गळ्याशी आली होती. सरकारनं कायमच्या प्राध्यापकांची भरती काढली होती. बकुळाच्या जागेवर असा कुणी आला, की ती 'फॉलन आउट' होणार. कागदावर हाच शब्द वापरतात, आणि सगळे अतिथी विद्वान तो दुखण्याच्या नावासारखा दबक्या आवाजात घेतात. फॉलन आउट झालेल्यांची गुणवत्ता यादी लागते आणि यादीच्या क्रमानं उरलेली कॉलेजं वाटली जातात. पीएचडीवाले वर, बाकीचे तळाला. वर असलं तर धार, सरदारपूर, फार तर गंधवानी मिळेल. तळाला असलं तर प्रांताचं दुसरं टोक. विद्यापीठानं प्रबंधासाठी शेवटची मुदतवाढ दिली होती, तीस जूनपर्यंत. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द.

सगळं वाचन झालं होतं. कुठल्या देशात पर्यटक आधी किनाऱ्याची स्वच्छता बघतात, कुठे नोकरांची वागणूक, हे ती झोपेतूनही सांगू शकली असती. येताना माणूस काय अपेक्षा घेऊन येतो आणि जाताना काय अनुभव घेऊन जातो, या दोहोंतलं अंतर मोजायचं, एवढंच त्या शास्त्राचं सार. आता फक्त माणसं हवी होती, समुद्रावर जाऊन आलेली, बत्तीस प्रश्नांचा फॉर्म भरून देणारी.

देवासचे यशवंतराव इंगळे, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, दर जानेवारीत धार-देवासच्या मराठी घरांची सहल नेत. बकुळा त्यांच्याकडे गेली.

"काका, या वर्षी कोकणात न्या ना. माझं काम होईल."

"तुझं काम होईल. आमचं काय होईल?"

"समुद्र बघाल."

"समुद्र बघून काय करायचं असतं?" यशवंतराव म्हणाले. मग तिचं तोंड बघून म्हणाले, "बरं, नेतो. पोरीचं काम आहे."

त्यांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा लावला, वरून खाली वाचला. "यावर नाव कुठे लिहायचं?"

"नाव नाही लिहायचं, काका. नाव नसलं की माणूस मोकळेपणानं लिहितो."

"मोकळेपणानं? का तोंडावर बोलायची छाती नाही म्हणून?" त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला. "आमच्या पणज्यानं दरबारात चाकरी केली. ज्याच्या खाली नाव नाही तो अर्ज वाचायचा नाही, चुलीत घालायचा, अशी तिथली रीत. निनावी कागद भल्या घरचं माणूस लिहीत नाही, बकुळे. नाव घाल, गाव घाल, खाली सही घे. नाहीतर माझ्या बसमध्ये हे कागद नकोत."

बकुळाच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की उत्तर देणाऱ्याची ओळख विचारू नये. ते सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं. पण यशवंतराव वडिलांच्या जागी, सहल त्यांची, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय तिच्या जिभेला नव्हती. "बरं, काका," ती म्हणाली. फॉर्मच्या माथ्यावर 'संपूर्ण नाव, मुक्काम, सही' अशी ओळ छापली गेली.

दोन बसा निघाल्या, बकुळा सोडून चौऱ्याऐंशी माणसं. माईही आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण पायांनी खणखणीत. "तुझ्या पुस्तकात माझंही एक नाव येऊ दे," असं म्हणून हौसेनं आली.

रिसॉर्टचं नाव 'निळाई'. चाळीस-एक खोल्या, पुढे नारळीची बाग, पुढे वाळू. पहिल्याच सकाळी कुरकुर सुरू झाली.

"हा चहा आहे का मिठागर?" यशवंतरावांच्या पत्नी सावित्रीबाई म्हणाल्या.

"काकू, चादर बघितली? पिळली तर बादली भरेल."

खोल्यांच्या मागून एक गटार वाळूत उतरत होतं. वारा फिरला की जेवणाच्या पंगतीपर्यंत वास यायचा. इंदूरला नोकरी करणारा यशवंतरावांचा पुतण्या अजेय नाक दाबून म्हणाला, "अरे भिया, मच्छी पकडने समुद्र तक क्या जाना, इधर नाली में ही जाल डाल दो!" आणि सगळी पंगत खदखदून हसली.

बकुळा हे सगळं एका वहीत टिपत होती. कोण म्हणालं, कधी, कशाबद्दल. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला कामात जीव आल्यासारखं वाटलं. खोली, पाणी, वास, पलंग, प्रत्येकाची तक्रार निराळी. अपेक्षा आणि अनुभव यांच्यातलं अंतर तिच्या डोळ्यांदेखत रुंदावत होतं, आणि पाचवं प्रकरण आपोआप लिहून होणार होतं.

रिसॉर्टच्या व्यवस्थापकाची म्हातारी आई मागच्या घरात राहायची. धार-देवासची मराठी माणसं आलीत हे कळल्यावर ती काठी टेकत पुढे आली. "म्हणजे तिकडे गेलेले आमचेच की तुम्ही," ती म्हणाली. बायकांना आडनावं विचारली, कुळं विचारली, कुलदैवत विचारलं. माईनं जेजुरीचा खंडोबा सांगितला. म्हातारी म्हणाली, "आमचाही." मग दोघी बराच वेळ पायरीवर बसल्या. माईची मराठी जुन्या वळणाची. ती ऐकून म्हातारीला आपली आजी आठवली, म्हणाली. अडीचशे वर्षांपूर्वी ही घराणी मराठी फौजांबरोबर माळव्यात गेली तेव्हा तुटलेलं काहीतरी त्या पायरीवर पुन्हा जोडल्यासारखं झालं, आणि त्या दुपारनंतर लोक 'रिसॉर्ट' हा शब्द वापरेनासे झाले. 'यांच्याकडे' म्हणू लागले. यांच्याकडे पाणी जरा खारट आहे. यांच्याकडे डास आहेत, पण माणसं चांगली.

बकुळानं तेही वहीत लिहिलं. त्याचा अर्थ मात्र तिच्या ध्यानात आला नाही.

तिसऱ्या दिवशी माई घसरली. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी हिरवं शेवाळ धरलं होतं, आणि आधाराला भिंतीत दांडी नव्हती. व्यवस्थापकानं स्वतः तिला उचलून खाटेवर ठेवलं, जीप काढली, तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले मुका मार आहे, पट्टा बांधून दिला. म्हातारी सारा दिवस माईच्या उशाशी बसून होती.

शेवटच्या संध्याकाळी तिनं सहलीतल्या सगळ्या सवाष्णींच्या ओट्या भरल्या. नारळ, खण, तांदूळ. माई सवाष्ण नव्हती. वडील गेल्यापासून असल्या प्रसंगी तिला कुणी पुढे बोलावत नसे. म्हातारी खोलीत आली, माईच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाली, "माहेरवाशिणीला रिकाम्या हातानं धाडीत नाहीत." माई रडली.

फॉर्म त्याच संध्याकाळी भरून घ्यायचे होते. मुक्काम पुरा झाल्याशिवाय भरून घेऊ नयेत, असा नियम आहे. म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय दिसेना. तरुण हिंदी शाळांतले, मराठी वाचताना अडखळणारे. म्हणून बकुळानं अंगणात उभं राहून एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला. ओट्या भरलेल्या बायका समोर, व्यवस्थापक दाराशी, आणि त्याची आई ओसरीवर.

"प्रश्न एक. खोलीची स्वच्छता."

"पाच!" यशवंतराव म्हणाले. आणि आरतीला सूर लागावा तसं अंगणभर 'पाच, पाच' झालं. पाच म्हणजे पूर्ण समाधानी.

"प्रश्न दोन. पिण्याचं पाणी." पाच. "प्रश्न सात. परिसरातील दुर्गंधी व सांडपाणी." अजेयनं क्षणभर वर पाहिलं, मग खाली मान घालून लिहिलं. पाच.

माईचा फॉर्म बकुळानं खाटेशी बसून भरून घेतला. एकोणिसावा प्रश्न होता, वृद्ध पर्यटकांसाठी सुरक्षिततेची सोय.

"पाच लिही," माई म्हणाली.

"माई, नीट ऐक. म्हाताऱ्या माणसांसाठी. पाय घसरू नये म्हणून."

"ऐकलं ग. मी काय बहिरी आहे? पाच लिही." तिनं कण्हत कुशीवर वळून सही केली, पूर्ण नावाची.

परतल्यावर कळलं, मुका मार नव्हता. खुब्याचं हाड चिरलं होतं. इंदूरला शस्त्रक्रिया झाली. माई घरी आली ती वॉकर धरून, आणि त्यानंतर न्हाणीत एकटी कधी गेली नाही.

मार्चमध्ये बकुळा आपल्या आताच्या मार्गदर्शकांकडे फॉर्म घेऊन गेली. पहिले निवृत्त झाले होते. हे डॉ. अंशुल व्यास, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आकडे संगणकात घातले, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, आणि खुर्ची मागे सारली.

"मॅडम, यह रिसर्च नहीं है। यह आरती है।"

चौऱ्याऐंशीतल्या ब्याऐंशी जणांनी बत्तीसच्या बत्तीस प्रश्नांना पाच दिले होते. एकानं दोन प्रश्न रिकामे सोडले होते. आणि देवासच्या मल्हाररावांनी एका ठिकाणी चार दिले होते, समुद्राच्या पाण्याला. ते खारट आहे, असं बाजूला लिहिलंही होतं. सगळ्या प्रबंधात तेवढी एकच तक्रार, आणि तीही रिसॉर्टच्या हातची नव्हती.

"सबके नंबर सेम हैं तो फर्क किसमें निकालें? सॉफ्टवेअर तो हाथ जोड़ रहा है।" मग आवाज खाली आणून म्हणाले, "देखिए, थोड़ा इधर-उधर कर दीजिए। किसी को तीन, किसी को दो। आप तो वहाँ थीं, आपको पता है किसने क्या बोला।"

"पण सर, खाली सह्या आहेत. नावंसुद्धा."

"नाम क्यों लिखवाए?" अंशुल सर खरोखरच चकित झाले. "पहिलाच नियम आहे ना मॅडम तो?"

बकुळानं फॉर्मांचा गठ्ठा पुन्हा बांधायला घेतला. यशवंतरावांचं नाव सांगणं हीसुद्धा एक चहाडीच झाली असती.

तिनं नवे फॉर्म छापले, बिननावाचे, आणि सुट्टीच्या दिवशी देवासला गेली. टेकडीखालच्या यशवंतरावांच्या घरात सावित्रीबाईंनी पोहे पुढे ठेवले, माईची विचारपूस केली. यशवंतरावांनी फॉर्म पाहिला आणि तो तसाच परत तिच्याकडे सरकवला.

"एकदा लिहून दिलं ना?"

"काका, ते सगळं पाच आहे. बसमध्ये तुम्हीच म्हणालात, पाणी तोंडात धरवत नाही."

"म्हणालो. बसमध्ये म्हणालो. आपल्या माणसांत म्हणालो."

"मग तेच लिहा. नाव नको. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल." यशवंतराव ताठ बसले. "खाल्ल्या घरचे वासे मोजायचे का, बकुळे? त्या बाईनं आमच्या बायकांच्या ओट्या भरल्या. तुझ्या आईला लेकीसारखं वागवलं. अडीचशे वर्षांनी आपल्या मुलखात कुणी 'आमचे' म्हणालं, आणि आपण त्यांना नापास करायचं? ते पुस्तक तू त्यांना धाडणार आहेस ना?"

धाडणार होती. परवानगी देताना व्यवस्थापकानं तेवढीच एक अट घातली होती.

"माझी नोकरी जाईल, काका."

हे ती पहिल्यांदाच कुणाजवळ बोलली. यशवंतराव गडबडले. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "तुझ्यासाठी काय म्हणशील ते करीन. कुणाला भेटायचं असेल तर भोपाळपर्यंत येईन, पाया पडायचे असतील तर पडेन. पण हे नको सांगूस."

दारापर्यंत पोचवायला सावित्रीबाई आल्या. इकडेतिकडे पाहून तिचा हात धरला. "अगं, तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता मेला. तो वास, ते डास. आणि माईंचं जे झालं ते त्या शेवाळानंच झालं, मी बघितलं होतं आदल्या दिवशी." मग घाईनं म्हणाल्या, "पण लिहू नकोस हं."

त्या महिन्यात ती धारमधल्या आणि देवासमधल्या मिळून अकरा घरी गेली. अकराही घरी तिला चहा मिळाला, खरं ऐकायला मिळालं, आणि शेवटी 'लिहू नकोस' मिळालं. एका घरी तर सुनेनं फॉर्म हातात घेतला, तेव्हा सासऱ्यांनी तिच्या हातून काढून घेतला.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी बकुळानं कोरे फॉर्म पुढे घेतले आणि सहलीची वही उघडली. वहीत सगळं होतं. सावित्रीबाई, तेरा जानेवारी, चहा खारट. पाण्याला दोन. अजेय, चौदा जानेवारी, गटार. सातव्या प्रश्नाला एक. ती खोटं लिहीत नव्हती. ज्यानं जे म्हटलं तेच आकड्यात बसवत होती. त्यांनी स्वतः लिहिलेल्यापेक्षा हे शंभर पटीनं खरं होतं. नऊ फॉर्म झाले. दहावा माईचा.

माई खाटेवरून बघत होती. "काय लिहितेस?"

बकुळानं सांगितलं. लपवायची तिला सवय नव्हती.

"माझ्या एकोणीसला काय लिहिलंस?"

"अजून नाही लिहिलं. एक लिहिणार आहे."

"लिही," माई म्हणाली. "तुझं पोट आहे त्यावर. मी काही बोलायची नाही." आणि भिंतीकडे तोंड वळवलं. तिला धड वळता येत नव्हतं. आधी खांदा, मग कंबर, मग दोन्ही हातांनी उचलून दुखरा पाय, असं तिनं ते केलं. त्यात तिला बराच वेळ लागला, आणि बकुळा मदतीला उठली नाही.

मग बकुळानं पेनचं टोपण लावलं. माईनं नको म्हटलं असतं तर तिनं कदाचित लिहिलंही असतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठात समितीपुढे सादरीकरण झालं. बकुळानं मूळचे चौऱ्याऐंशी फॉर्म जसेच्या तसे ठेवले, आणि एक छोटं प्रकरण जोडलं. त्यात लिहिलं होतं, की या माणसांना समाधान विचारता येत नाही. ती पाहुणी म्हणून गेली नव्हती, नात्यानं गेली होती, आणि नात्यात मार्क देत नाहीत. ते प्रकरण लिहायला तिला अकरा दिवस लागले होते. तिनं लिहिलेलं तेवढंच तिला स्वतःचं वाटत होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं उलटली. "यह निष्कर्ष नहीं है, यह आपके टूल की असफलता है," ते शांतपणे म्हणाले. "नाव लिहून घेतलं, यजमानासमोर भरून घेतलं. चूक सँपलची नाही, तुमची आहे. दुसरीकडे जाऊन पुन्हा सर्वे करा. एक साल लगेगा।"

ते बरोबर होते. बकुळानं मान डोलावली. एक वर्ष तिच्याकडे नव्हतं, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते त्यांचं काम नव्हतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये अंशुल सर तिला गाठून म्हणाले, "मैंने कहा था ना, मॅडम?"

"सर, खोटं कसं लिहायचं?"

"झूठ तो वो भी है, जो उन्होंने लिखा।" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही त्यांचं खोटं जपलं. बस इतना ही हुआ।"

परतीच्या बसमध्ये तिनं ते छोटं प्रकरण पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं.

तीस जून गेला. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये कॉलेजात कायमची नेमणूक झालेली मुलगी रुजू झाली. शिखा पाटीदार, वय एकतीस, पीएचडी झालेली, नम्र. तिनं बकुळाच्या पायांना हात लावला. "मॅडम, आप बैठिए ना," असं बकुळाच्याच खुर्चीकडे बोट करून म्हणाली, आणि मग चूक लक्षात येऊन लाजली. बकुळानं तिला टाइमटेबल समजावून दिलं, कुठल्या वर्गाचा पंखा चालत नाही ते सांगितलं, हजेरीपट दिले. धीरज गेहलोत त्या दिवशी एकही विनोद करू शकला नाही. बसस्टँडपर्यंत तिची पिशवी घेऊन आला आणि बस सुटेपर्यंत उभा राहिला.

यादीत बकुळाचं नाव तळाला लागलं. तिच्या वाट्याला येण्यासारखी तीनच कॉलेजं उरली होती, अनूपपूर, डिंडोरी आणि सिंगरौली. तिन्ही प्रांताच्या दुसऱ्या टोकाला, कुठेही जायचं तरी एक रात्र प्रवासात. पसंती भरायची मुदत मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत होती. पसंती भरली नाही तर यादीतूनच नाव जातं.

"जा तू," माई म्हणाली. "मी राहीन. जमुनाबाई येईल की वेळेला." जमुनाबाई शेजारची. तिचीच कंबर धनुष्यासारखी वाकलेली.

"बघू या," बकुळा म्हणाली.

सोमवारी सकाळी तिनं माईला सांगितलं, की बाजारात जाऊन येते. पण ती बाजारात गेली नाही. बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. आतून वॉकरचा ठक-ठक आवाज आला, सावकाश, न्हाणीच्या दिशेनं. मग थांबला. बराच वेळ काहीच नाही. रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. तो वळणाआड झाला तेव्हा आतून माईचा आवाज आला, "बकू." अगदी हलका. कुणी ऐकावं म्हणून मारलेली ती हाक नव्हतीच. बकुळा बदनावरला असती काय, सिंगरौलीला असती काय, ती कुणालाच ऐकू गेली नसती.

ती आत गेली. माई खोलीच्या मधोमध वॉकरला धरून उभी होती. लुगडं ओलं झालं होतं. तिनं लेकीकडे पाहिलं नाही.

"तू गेली नाहीस होय अजून?"

"आले परत. पिशवी विसरले."

मंगळवारी दुपारभर बकुळाकडे कागदपत्रांची फाइल तयार होती. चौकातल्या ऑनलाइनच्या दुकानात जायला दहा मिनिटंही लागत नव्हती. चार वाजता तिनं साडी बदलली. साडेचार वाजता माईला न्हायला घालायचं पाणी तापवलं, कारण दोन दिवस राहून गेलं होतं. डोक्यावरून न्हाऊ घातलं, पाठ चोळली, शस्त्रक्रियेच्या वणाभोवती हलक्या हातानं पाणी घातलं. केस पुसले. ते वाळायला वेळ लागला. मग वेणी घातली.

"तारीख कधी आहे म्हणालीस ती?" माईनं विचारलं.

"होती."

"होती म्हणजे?"

"गेली, माई. आत्ताच."

बकुळानं तिला खाटेवर नेऊन बसवलं, पाय वर उचलून ठेवले, मागे उशी सरकवली. मग परातीत पीठ घेऊन ती खाटेशेजारीच खाली बसली आणि कणीक भिजवू लागली. माई तिच्या हातांकडे बघत होती. कणीक मळून झाली, तरी बकुळा मळत राहिली.